नाव टाकलं की ‘नोंद आढळली नाही’: निधनवार्ता आणि कोर्टाची जुनी केस शोधताना अडतं कुठे

वारसनोंद अडलेली असते, वाटपाच्या दाव्यात चुलत्याच्या मृत्यूची तारीख हवी असते, किंवा ‘आजोबांनी त्या रानासाठी कोर्टात केस केली होती’ एवढंच घरात ऐकलेलं असतं. मग मोबाइल काढायचा, गूगलवर पूर्ण नाव टाकायचं, काही येत नाही. त्यानंतर ई-कोर्टच्या साइटवर राज्य, जिल्हा, नाव, वर्ष आणि तो वाकडातिकडा कॅप्चा. उत्तर एकच: नोंद आढळली नाही. असं चार-दोनदा झालं की घरचे निकाल देऊन मोकळे होतात. रेकॉर्ड जळलं असणार, नाहीतर पुरात गेलं असणार.

कराडात वकिलांच्या ऑफिसात नकला काढणं आणि जुने कागद हुडकणं हेच माझं काम, त्यामुळे ही तक्रार सारखी कानावर येते. पूर आले हे खरंच आहे. २००५, २०१९, २०२१, सांगलीत कृष्णा घरादारात शिरली, आणि २०१९ ला तर सांगलीच्या नगर वाचनालयाचंही मोठं नुकसान झालं. पण ‘नोंद आढळली नाही’ या उत्तराचा पुराशी संबंध क्वचितच असतो. बहुतेक वेळा कागद असतो; तुम्ही ज्या नावाने, ज्या गावाखाली आणि ज्या साली शोधताय तिथे तो नसतो, इतकंच. म्हणून नाव सगळ्यात शेवटी टाकायचं. आधी तारीख, मग हद्द, मग नाव. बहुतेकांची सुरुवातच उलट्या टोकाने होते.

तारीख हातात नाही

मृत्यूची तारीख काढायला पेपरपेक्षा फेरफार (जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची महसुली नोंद) बरा. जमीन असलेल्या घरात माणूस गेला की आज ना उद्या वारसाचा फेरफार पडतोच. सातबाऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात, त्यांतला वारसाचा कोणता ते काढा. मजकूर ठरलेला असतो: ‘खातेदार अमुक हे दि. अमुक रोजी मयत असून त्यांना वारस पत्नी अमुक, मुलगे दोन, मुली तीन…’. एका ओळीत तारीख मिळते आणि सगळ्या वारसांची नावंही मिळतात, जी पुढे कोर्टाच्या शोधात फार कामी येतात. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गाव नमुना ६ (फेरफारांची वही) आणि वारसांसाठीचा ६क असतो. जुन्या फेरफारांच्या स्कॅन केलेल्या प्रती आता ऑनलाइनही मिळतात, गावागणिक कमी-जास्त.

एक सांभाळा. फेरफाराच्या वर लिहिलेली तारीख ही नोंद धरल्याची असते, मृत्यूची तारीख मजकुराच्या आत असते. सोसायटीचं कर्ज काढायची वेळ आली की मगच वारस लावायचे, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे या दोन तारखांत दहा-पंधरा वर्षांचं अंतरही निघतं. वरची तारीख धरून पेपर चाळत बसलात तर दिवस वाया गेला म्हणून समजा.

जमीन नसेल तर मृत्यूची नोंद. इथे लोक हमखास गावच्या ग्रामपंचायतीत जातात आणि रिकाम्या हाताने परततात, कारण मृत्यूची नोंद माणूस जिथला होता तिथे होत नाही, जिथे गेला तिथे होते. म्हातारा वाळव्याचा, पण अखेरचे दिवस मिरजेच्या दवाखान्यात काढले असतील तर नोंद मिरजेला. आणि ती आजच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत शोधायची; महापालिका १९९८ ची, त्याआधीच्या नोंदी मिरज नगरपालिकेच्या म्हणून मागायच्या. पाटण, जावळी, खटाव भागातली निम्मी घरं मुंबईच्या गिरणीत नाहीतर माथाडी कामात होती. त्यांची नोंद मुंबईत, आणि पेपरात काही आलंच असेल तर तेही मुंबईच्या आवृत्तीत.

यातलं काहीच नसेल तर घरातल्या थोरल्या बाईमाणसाला विचारा. तारीख कुणाला आठवत नाही, पण तिथी आठवते, कारण दरवर्षी श्राद्ध घातलेलं असतं. पितृपक्षात कुठल्या दिवशी पान वाढतात तेही माहीत असतं. मग फक्त साल हवं. साल माणसं घटनांवरून सांगतात: कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी (११ डिसेंबर १९६७), बहात्तरच्या दुष्काळात, ‘चव्हाणसाहेब गेले त्या महिन्यात’ (२५ नोव्हेंबर १९८४), सांगलीकडे ‘दादा गेले त्याच्या आदल्या साली’ (वसंतदादा गेले १ मार्च १९८९ ला). तिथी आणि साल मिळालं की जुन्या पंचांगावरून तारीख निघते. शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून पौष, माघ, फाल्गुनातली तिथी जानेवारी ते मार्चमध्ये येत असेल तर ७९.

आणि हे करताना ऑनलाइन पंचांग वापरणार असाल तर ते कोणत्या पद्धतीचं आहे ते बघा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, पण आपला भाद्रपद वद्य तिकडे आश्विन कृष्ण होतो. मोबाइलवरची कितीतरी पंचांगं उत्तरेकडची असतात. वद्य पक्षातली तिथी तिथे तशीच शोधली की बरोबर एक महिना मागची तारीख हातात येते, आणि मग पेपरात काही नाही म्हणून डोक्याला हात.

तारीख आहे, पण पेपरात निधनवार्ता नाही

पहिला प्रश्न हा की ती यायला हवी होती का. जिल्ह्याजिल्ह्याच्या आवृत्त्या आणि गावोगावचे वार्ताहर होण्याआधी साध्या शेतकरी कुटुंबातली निधनवार्ता छापून येणं दुर्मीळ होतं. केसरी १८८१ चा, सकाळ १९३२ चा, कोल्हापूरचा पुढारी १९३९ पासून दैनिक. पण म्हणून १९५५ साली तुमची पणजी वारली ते त्यात असेल असं नाही. वतनदार, वकील, मास्तर, सत्याग्रही, पैलवान, कीर्तनकार असं कुणी असेल तर जुना अंक बघण्यात अर्थ. बाकीच्यांसाठी फेरफार आणि मृत्यू नोंदच खरी.

यायला हवी होती असं वाटत असेल, तर चुकतं ते साधारण आवृत्तीत. एकाच पेपरची सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे आवृत्ती वेगळी, आणि निधनवार्ता ज्या त्या आवृत्तीतच. कराड-पाटणची बातमी साताऱ्यात, शिराळ्याची सांगलीत, पण शिराळ्याच्या माणसाचा मुलगा कोल्हापुरात नोकरीला असेल तर जाहिरात त्याने कोल्हापूर आवृत्तीला दिलेली असते. साताऱ्याचा ‘ऐक्य’ हा पेपर वेगळा बघायला हवा. सांगलीकडे बेळगावचा तरुण भारतही वाचला जातो. मोठ्या पेपरात नसलेली चार ओळींची बातमी स्थानिक दैनिकात हमखास सापडते.

दुसरं, दिवस. माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच बातमी येते असं धरू नका. वार्ताहराने पाठवली, पानावर जागा नव्हती, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आली, हे नेहमीचं. ‘रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी’ असं लिहिलेलं असेल तर लवकर, नाहीतर निवांत. दिवाळी, धुळवड, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी अंकच निघत नाही, हे जुनी फाइल चाळताना विसरायला होतं आणि अंक गहाळ झालाय असं वाटतं. एखादा मोठा नेता गेलेला आठवडा असेल तर साध्या बातम्या आणखी मागे ढकलल्या जातात. म्हणून तारखेपासून पुढचे आठ-दहा अंक बघायचे, मग तेराव्याच्या आसपासचे, आणि मग नेमकं एका वर्षाने. निधनाची जाहिरात दिली नाही तरी ‘प्रथम पुण्यस्मरण’ची फोटोसकट देणारी घरं पुष्कळ आहेत, आणि तिथे तारीख आणि तिथी दोन्ही असतात.

तिसरं म्हणजे नाव, आणि इथेच निम्मे शोध बुडतात. बातमीत नाव कागदोपत्री असेल तसं नसतं, गाव हाक मारायचं तसं असतं. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानदेव, गावात माउली, बातमीत ‘आबा’. कृष्णाकाठी आणि वारणेच्या पट्ट्यात तर बाळासाहेबाचा बाळासो, आप्पासाहेबाचा आप्पासो, अण्णासाहेबाचा अण्णासो. कागदावर दोन्ही चालतात, संगणकाला दोन्ही वेगळी. अण्णा की आण्णा, दत्तात्रय की दत्तात्रेय, विठ्ठल की विठल, प्रत्येक टंकलेखकाची आपली शुद्धलेखनाची परंपरा. बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव वेगळं, सासरी आल्यावर बदललेलं वेगळं, आणि बातमीत नुसतं ‘गं. भा. अमुक यांच्या मातोश्री’. अशा वेळी मृत व्यक्तीच्या नावाने न शोधता मुलाच्या किंवा जावयाच्या नावाने शोधा. निधनवार्तेचा शेवट ठरलेला असतो: ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, एक मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. अमुक कारखान्याचे कर्मचारी तमुक यांचे ते वडील होत.’ गूगलवर ‘निधन’, ‘पश्चात’ आणि गावाचं नाव एवढंच दुहेरी अवतरणात टाकलं तर पूर्ण नावाने जे येत नाही ते येतं.

गावाचं नावही एकटं टाकू नका. वाठार म्हटलं की वाठार स्टेशन, वाठार किरोली, वाठार निंबाळकर आणि आमच्या कराडजवळचं वाठार, सगळे एकत्र येतात. इस्लामपूरचं तर नावच बदललं. २०२५ मध्ये ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला, पालिका त्याआधी उरुण-इस्लामपूर म्हणून ओळखली जायची, आणि काही पेपर कित्येक वर्षं आधीपासून ईश्वरपूर छापत होते. तिन्ही टाकून बघा.

आता संगणकाची गोम. जुन्या ई-पेपरांची पानं म्हणजे चित्रं आहेत. त्यातलं अक्षर गूगलला दिसतच नाही, मग सापडणार कुठून? पीडीएफ असली तरी ती जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टात जुळवलेली असेल तर आतला मजकूर युनिकोडमध्ये (संगणकाला शोधता येणाऱ्या मराठी अक्षरांत) नसतो. कॉपी करून चिकटवला की चिन्हांची आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी पडते. अशा फाइलमध्ये मराठी शब्द टाकून शोध घेणं व्यर्थ, पान डोळ्यानेच वाचायचं. युनिकोडातही फसगत आहे. ‘ॲड.’ हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं, ‘अ’ वर चंद्र देऊन ‘अॅड.’ असंही होतं, आणि कुणी ‘ऍड.’ लिहितं. दिसायला पहिली दोन सारखीच, शोधात मात्र एक टाकलं तर दुसरं येईलच याचा भरवसा नाही. वकील, डॉक्टर अशा उपाध्या शोधात घालूच नका, नुसतं नाव घाला.

शेवटी बांधीव फाइल. साताऱ्यात आणि सांगलीत नगर वाचनालयांत जुन्या अंकांची चौकशी करा, तालुक्याच्या जुन्या वाचनालयांतही करा. कुठल्या पेपरचे कुठल्या सालचे अंक आहेत ते ग्रंथपालच सांगू शकतात. फाइल मिळाली की एक गोष्ट लक्षात येईल: अंक एकावर एक ठेवून शिवलेले असतात, त्यामुळे आतल्या कडेचा कॉलम शिवणीत जातो, आणि चिल्लर बातम्या अन् निधनवार्ता नेमक्या कडेच्या कॉलमात. तिथे ओळीचा अर्धाच भाग दिसतो, ‘…राव पाटील यांचे वृद्धाप…’. फाइल जोर लावून सपाट करायला जाऊ नका, पिवळा पडलेला कागद घडीवर तुटतो. परवानगी काढून मोबाइल तिरका धरून शिवणीच्या बाजूने फोटो घ्या आणि मोठा करून वाचा. पानाच्या वरची तारीख आणि आवृत्तीचं नाव वेगळ्या फोटोत घ्या, नाहीतर घरी आल्यावर कात्रण कुठल्या अंकातलं ते तुम्हालाच सांगता येत नाही.

आणखी एक जागा, जिकडे कुणी बघत नाही: जाहीर नोटिसा. वारस दाखला आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली कोर्टातून मिळतो, आणि त्या अर्जावर हरकती मागवणारी नोटीस पेपरात छापली जाते. बारीक टायपात, कोपऱ्यात, पण तिथे मयताचं कागदोपत्री पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, अर्जदार वारस आणि अर्जाचा नंबर असतो. निधनवार्तेपेक्षा ही नोटीस कितीतरी कामाची. तिच्यावरून सरळ कोर्टातली फाइल गाठता येते.

ई-कोर्टवर केस दिसत नाही

नावाने शोधताना साइट किमान तीन अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष मागते. खाली प्रलंबित, निकाली आणि दोन्ही असे पर्याय आहेत. आजोबांच्या काळातली केस ‘प्रलंबित’मध्ये शोधणारे कितीतरी बघितले (काही वेळा सापडतेही, तो भाग वेगळा). ‘दोन्ही’ निवडा. कोर्ट संकुल तालुक्याचं निवडा: वाळव्याच्या दाव्यासाठी इस्लामपूर, खानापूर तालुक्यासाठी विटा, माणसाठी दहिवडी, खटावसाठी वडूज. जिल्हा निवडून पहिलं दिसेल ते संकुल ठेवलं तर फक्त जिल्ह्याच्या ठिकाणच्या केसेस दिसतात. अपील मात्र जिल्हा न्यायालयात, त्यामुळे तिथे वेगळं बघावं लागतं.

नाव इंग्रजी स्पेलिंगने टाका, आणि पूर्ण नाव कधीच टाकू नका. ज्ञानदेव हे नाव कुणी डी-एन-वाय असं सुरू करतं, कुणी जी-वाय. शेवटी कुणी व्ही घालतं, कुणी ओ. विठ्ठलात टी किती आणि एच किती याला तर धरबंधच नाही. आडनाव आधी की नाव आधी, हेही नोंद करणाऱ्यावर. कराडच्या कोर्टात नुसतं पाटील टाकलं तर यादी संपत नाही. म्हणून घरातलं सगळ्यात विरळ नाव शोधायचं आणि त्याची स्पेलिंग न बदलणारी चार-पाच अक्षरं टाकायची. फेरफारातल्या वारसांत एखादी हौसाबाई, एखादा यमाजी असतो. त्यांच्यावर शोध लवकर लागतो.

यादीत दिसतात ती पहिला वादी विरुद्ध पहिला प्रतिवादी एवढीच नावं. वाटपाच्या दाव्यात तुमचे आजोबा सातवे प्रतिवादी असतील तर यादीवर दिसणार नाहीत. केस उघडल्यावर आत पूर्ण यादी असते. संशयित केसेस उघडून बघण्याला पर्याय नाही.

दावा चालू असताना पक्षकार गेला असेल तर पुढची नोंद ‘मयत, वारसांतर्फे’ अशी होते आणि पहिल्या वारसाचं नाव पुढे येतं. वारस रेकॉर्डवर आणण्याची मुदत ९० दिवसांची, म्हणजे त्या फाइलीत वारस घेण्याचा अर्ज असतो आणि अर्जात मृत्यूची तारीख. जी तारीख कुठेच सापडत नव्हती ती इथे सापडल्याचं मी पाहिलं आहे. जुन्या कागदावरची खूण वाचता आली तर आणखी सोपं: ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा, पालनकर्ता, ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. शेवटची खूण असली की दावा एका भावाच्या नावावर असतो आणि बाकीच्या भावांची नावं कुठेच नसतात. घरात मात्र सगळे आपापल्या वडिलांच्या नावाने शोधत बसतात.

घरात एखादा जुना समन्स किंवा नोटीस मिळाली तर नंबर बघा. ‘रे. मु. नं.’ म्हणजे रेग्युलर मुकदमा, साइटवर आर.सी.एस. (रेग्युलर सिव्हिल सूट); दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची (निकालावरून निघालेल्या कोर्टाच्या आदेशाची) अंमलबजावणी, आर.डी. (रेग्युलर दरखास्त). हे वेगवेगळे नंबर असतात आणि वर्षंही वेगळी. दाव्याचा नंबर दरखास्तीत टाकला की उत्तर तेच, नोंद आढळली नाही. नव्या केसेसना १६ अक्षर-अंकांचा सीएनआर (त्या केसचा एकमेव ओळख नंबर) असतो, आपल्या राज्यात एमएच पासून सुरू होणारा. तो मिळाला तर नाव-गाव काही लागत नाही.

संगणकीकरणाच्या आधी निकाली निघालेली केस साइटवर असेलच असं नाही. तिथे एक उलटा रस्ता आहे. दावा हायकोर्टापर्यंत लढला गेला असेल तर वरून खाली या. हायकोर्टाचे निकाल शब्दांवरून शोधता येतात. गावाचं नाव आणि आडनाव टाका. दुसऱ्या अपिलाच्या निकालात सुरुवातीलाच खालच्या कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, वर्ष आणि गट नंबर असा सगळा वंश लिहिलेला असतो. हायकोर्टाच्या साइटवर खंडपीठ निवडायला विसरू नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. नवं प्रकरण मुंबईत आणि जुना निकाल कोल्हापुरात शोधलात तर हाती काही लागणार नाही.

काही नावं दिसणारच नाहीत, आणि दिसू नयेत. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची आणि अल्पवयीन मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. त्या नोंदी झाकलेल्या असतात. त्यामागे लागू नका. तसंच, नाव टाकलं की माणसाची सगळी कुंडली काढून देतो म्हणणाऱ्या पैशाच्या साइट. आपल्याकडे कोर्ट, महसूल, मृत्यू नोंद आणि पेपर यांचा एकत्र साठा कुठेच नाही, तर त्या देणार कुठून?

जिल्हाच चुकला

सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ चा, आणि तोही आधी ‘दक्षिण सातारा’ या नावाने. सांगली हे नाव २१ नोव्हेंबर १९६० ला मिळालं. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं सातारा जिल्ह्यात होतं. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, आटपाडी औंध संस्थानात, फलटण स्वतंत्र संस्थान. म्हणजे १९४२ सालच्या वाळव्याच्या माणसाचा दावा ‘जि. सातारा’ म्हणून लिहिलेला असतो, १९५५ चा ‘जि. दक्षिण सातारा’ म्हणून, आणि १९४२ चा जतचा दावा संस्थानच्या न्यायालयात. नातवाने सांगलीच्या रेकॉर्ड रूममध्ये सांगली म्हणून मागितला तर कारकून नाही म्हणणारच. तालुकेही फुटले आहेत; कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यात होतं, तेव्हाचा दावा विट्याचा. कागद मागताना त्या सालची हद्द लिहा, आजची नव्हे.

त्या काळचा कागद मोडीत असण्याची शक्यता धरून चला. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना बरे दिवस आले आहेत, त्यामुळे वाचणारा माणूस मिळणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. फक्त आधी दर ठरवा.

केस कोर्टात नव्हतीच

‘आजोबांनी कोर्टात केस जिंकली आणि रान आपल्या नावावर झालं’ ही गोष्ट पुष्कळ घरांत आहे. साल विचारलं की १९५७ ते पासष्टच्या आसपासचं सांगतात. ऐकताच ओळखायचं: हा कूळ कायदा, कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देणारा. १ एप्रिल १९५७ हा त्यातला कृषक दिन, कुळं मालक धरली गेली तो दिवस. त्यानंतर कलम ३२ग खाली कुळाने द्यायची जमिनीची किंमत ठरवण्याच्या चौकश्या तहसीलदार कचेरीत चालल्या, दिवाणी कोर्टात नाही. लोकांच्या तोंडी मात्र तेही कोर्टच. ई-कोर्टवर हे जन्मात सापडणार नाही. त्या सालचा फेरफार काढा, त्यात ३२ग चा किंवा ३२म च्या (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या) दाखल्याचा नंबर लिहिलेला असतो. तो घेऊन तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. अपील प्रांतांकडे आणि पुढे महसूल न्यायाधिकरणाकडे. रस्ता, बांध, फेरफारावरच्या हरकती हेही बहुतेक महसुलाकडचंच.

सापडली, आता कागद

मोबाइलवरचा स्क्रीनशॉट आणि पेपरातलं कात्रण दोन्ही माग काढायला उपयोगी, पुरावा म्हणून नाही. निधनवार्ता कितीही ठळक छापलेली असली तरी वारसनोंदीला मृत्यूचा दाखला लागतो, आणि कोर्टाच्या निकालाची सही-शिक्क्याची नकल लागते. दाव्यातले पक्षकार किंवा त्यांचे वारस असाल तर नकल अर्ज सरळ जातो. परका माणूस असाल तर कारण देऊन प्रतिज्ञापत्रासह मागावी लागते.

जुनी फाइल पूर्ण मिळेलच असं नाही. निकालपत्र आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपतात, बाकीचे कागद नियमाप्रमाणे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. म्हणून अर्जात ‘संपूर्ण फाइलची नकल’ असं लिहून अडून बसू नका. निकालपत्र आणि हुकूमनामा वेगळे मागा, ते नसतील तर दावा रजिस्टरातल्या त्या नोंदीचा उतारा मागा. अर्जावर कोर्टाचं त्या वेळचं नाव, दाव्याचा नंबर आणि साल, दोन्ही बाजूंच्या पहिल्या पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख एवढं असलं की अर्ज परत येत नाही. निकालाची तारीख माहीत नसेल तर सालाच्या मागेपुढे दोन-दोन वर्षं शोध घ्यावा असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘अंदाजे १९७८’ लिहिलं की १९७८ चं एकच रजिस्टर उघडलं जातं आणि अर्जावर शेरा पडतो: नोंद आढळून आली नाही.